बिघाडाच्या विजेला वेसण



गळिताचा हंगाम निम्म्यापुढे सरकला आणि फेब्रुवारी-मार्चचे ऊन तापू लागले, की शेती खात्याकडे एक बातमी ठरलेली असते. अमक्याच्या गटात तारा एकमेकींना लागल्या, ठिणगी पाचटात पडली आणि बघता बघता फड पेटला. पुढचे सारे आपल्याला पाठ आहे. पंचनामा, टोळीसाठी धावपळ, जळीत उसाची कपात, वजनातली घट, आणि पाळी मागे गेलेल्या शेजाऱ्याची धुसफूस. या सगळ्याला आपण एकच नाव देतो, 'शॉर्टसर्किट'. नाव दिले की विषय मिटला! पण शॉर्टसर्किटमध्ये नेमकी किती वीज वाहते, आणि ती किती वाहू द्यायची हे माणसाला आधी ठरवता येते का, याचा विचार आपण सहसा करत नाही. येथे तो करू. विषय इंजिनिअर लोकांचा वाटेल, पण हिशेब साधा आहे. ज्याला उसाच्या बिलातल्या कपाती समजतात, त्याला हा हिशेब अवघड नाही.

ठिबकचे उदाहरण घेऊ. विजेचा दाब म्हणजे टाकीची उंची, तारा म्हणजे पाइप, आणि आपल्या मोटारी म्हणजे ड्रिपर. ड्रिपर पाणी अडवतो आणि हवे तेवढेच सोडतो. मोटारही विजेला अडवते आणि हवे तेवढेच अँपिअर घेते. शॉर्टसर्किट म्हणजे ड्रिपरपर्यंत पोचण्याआधीच पाइप फुटणे. आता पाण्याला अडवणारे काय उरले? टाकीपासून फुटीपर्यंतचा पाइप, बस्स. टाकीच्या तळाशी फुटला तर लोंढा येतो, चर पडतो, माती वाहून जाते. हजार फुटांवरच्या बारीक नळीला भोक पडले तर नुसते झिरपत राहते आणि टाकीजवळ बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. बिघाडाच्या वेळी वाहणाऱ्या या विजेला 'फॉल्ट करंट' म्हणतात, आपण दोषप्रवाह म्हणू. जवळचा दोषप्रवाह लोंढ्याचा, लांबचा झिरपण्याचा. दोन्ही घातक, पण औषध एकाचे दुसऱ्याच्या अगदी उलट. घोळ होतो तो इथेच.

रायगडचा किनारा : दोन्ही टोके एका मुलखात

ही दोन्ही टोके जवळजवळ पाहायची असतील तर रायगड जिल्ह्याचा किनारा पाहावा. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. हा काही उसाचा मुलूख नव्हे. खाचरांत भात, किनाऱ्याला नारळी-पोफळी आणि खाडीत मासळी. पण विजेच्या बाबतीत तो आपल्यापेक्षा फार जुना. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटावरचे पाणी खाली सोडून केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. मग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. भिऱ्याचे पाणी म्हणजे मुळशीचे पाणी. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, तेच हे. भीमेच्या खोऱ्यातले हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात उतरते, वीज करते आणि कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला जाऊन मिळते. भीमाकाठच्या सभासदांना हे वाचून काय वाटेल याची आम्हांला कल्पना आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्यानंतर याच पट्ट्यात भर पडत गेली. उरणला तेव्हाच्या वीज मंडळाचे वायूवर चालणारे केंद्र १९८२ साली सुरू झाले आणि पुढे वाढत गेले. थळला खताचा कारखाना, न्हावाशेव्याला बंदर, नागोठण्याला पेट्रोकेमिकल आणि ४०० के.व्ही.चे उपकेंद्र, डोलवीला पोलाद. वीज करणारे आणि खाणारे असे सगळे थोड्याच मैलांत एका जाळ्यात बांधले गेले.

जाळ्याचा फायदा उघड आहे. एक केंद्र बंद पडले तर दुसरे सांभाळते. सहकार म्हणा ना! पण याला दुसरी बाजू आहे. खोपोलीचे केंद्र एकटे होते तेव्हा तारांवर कुठे शॉर्ट झाले तर त्यात फक्त खोपोलीच्या यंत्रांची वीज जात असे. चार केंद्रे जोडली की एका जागी फुटताच चारही टाक्यांचे पाणी त्याच भोकाकडे धावते. जाळे जितके भक्कम, तितका दोषप्रवाह मोठा. म्हणजे प्रगतीबरोबर हा धोका आपोआप वाढत जातो, आणि एखादे वर्षी कोणी काही चूक न करताही जुने ब्रेकर तोकडे पडू लागतात.

ब्रेकर म्हणजे बिघाड होताच लाइन तोडणारे यंत्र. प्रत्येक ब्रेकरवर तो किती हजार अँपिअर तोडू शकतो हे लिहिलेले असते. २२० के.व्ही.च्या उपकेंद्रात ४० हजार अँपिअरचे ब्रेकर सर्रास असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पारेषण नियोजनाच्या निकषात असे आहे, की दोषप्रवाह ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. म्हणजे ४० हजारांच्या ठिकाणी ३२ हजारांवर लाल रेघ. ती ओलांडायची वेळ आली की एक तर सगळे ब्रेकर बदला, नाहीतर प्रवाहालाच वेसण घाला. उपकेंद्राच्या पट्ट्या मधोमध तोडून दोन भाग करणे आणि वाटेत रिअ‍ॅक्टरची गुंडाळी घालणे, हे दोन उपाय मोठ्या जाळ्यात करतात. दिल्लीभोवतीच्या ४०० के.व्ही. जाळ्यात असे करावे लागले.

गंमत अशी, की पोलादाच्या विजेच्या भट्टीत शॉर्टसर्किट हा अपघात नसून रोजचा धंदा असतो. कर्बाचे दांडे भंगाराला टेकतात तेव्हा प्रत्येक वेळी शॉर्टच होते. तरी भट्टी चालते. का, तर तिचे रोहित्र आणि गुंडाळ्या मुळातच असा धक्का गृहीत धरून, प्रवाहाला हद्द घालून बांधलेल्या असतात. शॉर्ट होणार नाही अशी आशा धरणे वेगळे, आणि झाले तर किती होऊ द्यायचे हे ठरवणे वेगळे.

कारखान्यातला लोंढा

आता घरी येऊ. बगॅसवर वीज करून ग्रिडला विकायची हे आता साखर कारखान्यांच्या उत्पन्नाचे मोठे अंग झाले आहे. सभासदांना मेगावॉट आणि युनिटचा दर माहीत असतो. पण ग्रिडला जोडून घेतो, तेव्हा आपण फक्त वीज विकत नाही, तर ग्रिडचा दोषप्रवाहही आपल्या दारात आणतो, हे वार्षिक सभेत कोणी विचारल्याचे आठवत नाही.

समजा, एखाद्या कारखान्यात २० मेगावॉटचा संच आहे आणि जनित्र ११ हजार व्होल्टचे आहे. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर यंत्र २५ एम.व्ही.ए.चे झाले आणि पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १,३१२ अँपिअर. अशा जनित्राचा अंगचा अडथळा पहिल्या क्षणी १५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे १,३१२ ला ०.१५ ने भागायचे. उत्तर ८,७५०. त्याच्या पट्ट्यांवर शॉर्ट झाले तर घरच्या संचातून एवढे अँपिअर येतील. आता ग्रिडकडून तेवढ्याच क्षमतेचे रोहित्र आहे, त्याचा अडथळा १० टक्के. त्यातून जास्तीत जास्त १३,१२० येतील. बेरीज झाली जवळजवळ २२ हजार. ब्रेकर २५ हजारांचे असतील तर निभावले.

पुढे कारखान्याचे विस्तारीकरण झाले, बॉयलर वाढला आणि तसाच दुसरा संच त्याच पट्ट्यांवर बसवला. आणखी ८,७५० आले. बेरीज ३० हजार ६०० च्या वर. तेच ब्रेकर आता तोकडे झाले. रोजच्या कामात काहीच फरक दिसणार नाही. दिवे तसेच, मोटारी तशाच, मीटरवर कमाई दुप्पट. फरक दिसेल तो फक्त एका दिवशी.

त्या दिवशी काय होते तेही सांगतो. विजेच्या दोन पट्ट्यांतून प्रवाह गेला की त्या एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात, आणि हा जोर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. पहिल्या झटक्याचे टोक नेहमीच्या मापाच्या अडीच पटींपर्यंत जाते. २२ हजारांच्या दोषात ते ५५ हजार. पट्ट्या २० सेंटिमीटर अंतरावर असतील तर मीटरभर लांबीवर सुमारे ३ क्विंटल जोर बसतो. ३० हजार ६०० च्या दोषात तोच जोर ६ क्विंटल. प्रवाह वाढला चाळीस टक्के, मार झाला दुप्पट! उष्णतेचेही गणित तेच. पट्ट्या वाकतात, चिनी मातीचे आधार तडकतात, पॅनेलचे दार उडते, आणि समोर ऑपरेटर उभा असेल तर...

येथे एक गैरसमज काढला पाहिजे. 'ब्रेकर आहे ना, तो ट्रिप होईल,' असे म्हटले जाते. ब्रेकर ट्रिप होतो, पण त्याला रिलेसकट तीन ते पाच सायकल, म्हणजे सेकंदाचा सोळावा ते दहावा भाग लागतो. पहिला झटका तर अर्ध्या सायकलच्या आत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन गेलेला असतो. ब्रेकर लोंढा थांबवतो, लहान करत नाही. लहान करायचे काम दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवायला हवे.

ते कोण करते? सगळ्यात साधा गडी म्हणजे रिअ‍ॅक्टर, तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची जाड गुंडाळी. मध्ये लोखंड नसते, नुसती हवा. लोखंड घातले तर मोठ्या प्रवाहात ते भरून जाते आणि नेमक्या गरजेच्या वेळी गुंडाळीची अडवायची ताकद जाते. रिअ‍ॅक्टर कुठे बसवायचा हेही महत्त्वाचे. सरळ लाइनमध्ये बसवला तर चोवीस तास दाब खातो. दोन संचांच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या दुव्यात बसवला तर एरवी त्यातून फारसा प्रवाह जातच नाही आणि बिघाडात मात्र तो आडवा येतो. आमच्या मते दोन संचांच्या कारखान्याला हाच सौदा परवडतो. याहून स्वस्त म्हणजे दुवा उघडाच ठेवणे आणि दोन्ही भाग वेगवेगळे चालवणे. खर्च शून्य, पण एक संच बसला की त्याच्या भागातल्या मोटारी थांबणार. मिल थांबली की गव्हाणीतला ऊस वाळत पडतो, हे तुम्हांला सांगायला नको.

छोट्या सर्किटांना एच.आर.सी. फ्यूज पुष्कळ. चिनी मातीच्या नळीत वाळू आणि तिच्यात चांदीची किंवा तांब्याची पट्टी. मोठ्या दोषात ती पट्टी इतक्या लवकर वितळते, की प्रवाह टोकाला पोचण्याआधीच तुटतो, आणि वितळलेला धातू वाळूत विरून जातो. हा फ्यूज खरोखर लोंढा लहान करतो. मोठ्या प्रवाहासाठी जर्मनीत १९५५ साली एक उपकरण निघाले. जाड पट्टीत छोटा सुरुंग, शेजारी फ्यूज. प्रवाह धोक्याच्या वेगाने वाढतोय असे दिसताच हजारांश सेकंदाच्या आत सुरुंग उडतो, पट्टी तुटते, प्रवाह फ्यूजवर जातो आणि पहिले टोक यायच्या आत संपतो. एकदा उडाले की आतला भाग बदलावा लागतो, तेवढीच खोट. त्याहून नवलाची म्हणजे अतिवाहक वस्तू. ती गार असताना विजेला अजिबात अडवत नाही आणि प्रवाह मर्यादेपुढे गेला की आपोआप अडवू लागते. १९८६ नंतर द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात, म्हणजे उणे १९६ अंशांना काम देणाऱ्या अतिवाहक वस्तू मिळाल्या आणि १९९६ साली स्वित्झर्लंडमधल्या एका जलविद्युत केंद्रात असा मर्यादक बसवून पाहिला गेला. आपल्या कारखान्याने नायट्रोजनची टाकी विकत घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. जगभरच्या माणसांना हीच एक चिंता आहे एवढेच दाखवायचे होते.

आणखी एक वेसण कारखान्यात असते आणि ती सगळ्यात दुर्लक्षित. जनित्राचा न्यूट्रल बिंदू जमिनीला सरळ न जोडता मध्ये एक रेझिस्टन्स घालतात. ११ हजार व्होल्टच्या यंत्रात एका फेजचा जमिनीशी दाब ६,३५० व्होल्ट. मध्ये ६३.५ ओहमचा रेझिस्टन्स घातला तर एक फेज जमिनीला लागली तरी जनित्रातून १०० अँपिअरवर जात नाहीत. सरळ जोडले असते तर हा दोष तीन फेजच्या शॉर्टपेक्षाही मोठा होऊ शकतो आणि जनित्राच्या आतले पोलादी पत्रे वितळून एकजीव होतात. मग ते यंत्र दुरुस्तीला जाते आणि हंगाम हातचा जातो. न्यूट्रल अजिबात न जोडणे हाही मार्ग नव्हे. तसे केले तर धड जुळत नाही, धड सुटत नाही अशा दोषात दाब भलताच चढतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पीटरसन नावाच्या जर्मन इंजिनिअरने न्यूट्रलमध्ये रेझिस्टन्सऐवजी नेमक्या मापाची गुंडाळी घालून जमिनीतला प्रवाह जवळजवळ शून्यावर आणला. युरोपात ती पद्धत अजून आहे. आपल्याकडे मात्र हा रेझिस्टन्स एका जाळीच्या पेटीत कोपऱ्यात पडलेला असतो. हंगाम संपल्यावर टर्बाइन खोलतात, मिलचे रोलर काढतात. त्याच वेळी या पेटीचेही ओहम मोजले गेले पाहिजेत. आतली एखादी पट्टी गंजून तुटली असेल तर बाहेरून काहीच कळत नाही.

झिरपणारा दोष

आता दुसरे टोक. पुन्हा एकदा रायगडला जाऊ, पण यावेळी उरण-नागोठण्याला नव्हे, तर मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला. डोंगर उतरून आलेली लांबच लांब लाइन खाड्या ओलांडते, नारळी-पोफळीतून वाट काढते आणि शेवटी दहा-वीस घरांच्या वाडीवर संपते. वर समुद्राचा खारा वारा. पावसाळा सरला की इन्सुलेटरवर मिठाचा थर साचतो, पहाटेच्या दवाने तो ओलावतो आणि त्यावरून वीज सरपटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही गेले. अलिबाग शहरात चक्रीवादळाच्या धोक्यापासून बचावाच्या प्रकल्पातून तारा जमिनीखाली घेण्यात आल्या. वाऱ्याला हा चांगला उपाय. पण केबलमध्ये तारा एकमेकींना चिकटून असतात म्हणून तिचा अडथळा उघड्या तारेपेक्षा कमी, आणि कमी अडथळा म्हणजे जास्त दोषप्रवाह. एक दुखणे घालवताना दुसरे डोके वर काढते ते असे.

वाडीवर मात्र उलट दुखणे. हा हिशेब आपल्या शेतालाही जशाचा तसा लागू आहे, म्हणून नीट वाचा.

आपल्या शिवारातली १०० के.व्ही.ए.ची डी.पी. घेऊ. तिचा पूर्ण भाराचा प्रवाह १३३ अँपिअर आणि अडथळा साडेचार टक्के. डी.पी.च्या पायथ्याशी शॉर्ट झाले तर सुमारे ३,००० अँपिअर येतील. फ्यूज क्षणात उडेल. आता तिथून एक किलोमीटर चला. लघुदाबाच्या नेहमीच्या बारीक अ‍ॅल्युमिनिअम तारेला किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम अडथळा असतो. जाताना एक तार, येताना न्यूट्रलची दुसरी. तिथे फेज आणि न्यूट्रल पक्के चिकटले तरी प्रवाह येतो सव्वाशे अँपिअरच्या आसपास. म्हणजे डी.पी.च्या पूर्ण भारापेक्षाही कमी! साधी फ्यूजची तार तिच्या नेमल्या प्रवाहाच्या जवळजवळ दुपटीला वितळते. ती या शॉर्टला जागची हलणारही नाही.

आणि तार तुटून नुसती जमिनीवर पडली तर? ओल्या जमिनीतून परत जाण्याच्या वाटेला २५ ओहम धरले तर २५० व्होल्टला १० अँपिअर. पाच हॉर्सपॉवरची मोटार सात-आठ अँपिअर घेते. म्हणजे तुमच्या उसात पडलेली जिवंत तार आणि शेजारी चालू असलेली पाचची मोटार, डी.पी.ला दोन्ही सारख्याच दिसतात. कोरड्या मुरमाड रानात तर एखाद-दोन अँपिअरच वाहतील. फ्यूज शाबूत, लाइन चालू, तार जिवंत. पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या शरीरातून अँपिअरचा विसावा-दहावा भाग गेला तरी काळीज बंद पडते. 'फ्यूज गेला नाही म्हणजे काही झालं नाही,' हे वाक्य आपल्याकडे फार महागात पडले आहे.

म्हणून येथे प्रवाहाला हद्द घालायची ती निराळ्या रीतीने. जमिनीत गळणारी वीज मोजणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण, ज्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात, ते मोटारीच्या स्टार्टरआधी बसवले तर एवढीशी गळती होताच ते लाइन तोडते. मोटारीचा फुटका कॉइल, उघडी पडलेली केबल, ओलसर पेटी यांना ते पकडते. अर्थात ते ज्या जागी बसवले त्याच्या पुढचेच पाहते, डी.पी.पासून तुमच्या खांबापर्यंतच्या तुटक्या तारेशी त्याचा संबंध नाही.

फडाला आग का लागते हेही आता उलगडेल. झोळ पडलेल्या दोन तारा वाऱ्याच्या झोताने एकमेकींना थडकतात. डी.पी.पासून अर्ध्या किलोमीटरवर अशा थडकेत चारशे अँपिअरच्या वर जातात. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, त्याचे तापलेले कण खाली पाचटावर पडतात. पण थडक क्षणाची! फ्यूजची तार तापेपर्यंत तारा सुटलेल्या असतात. पुन्हा झोत, पुन्हा थडक, पुन्हा ठिणग्या. म्हणून फ्यूज अखंड असूनही ऊस जळतो. याला फ्यूज बारीक करून भागत नाही. तारा ओढून झोळ काढणे, लांब गाळ्यात मधला खांब घालणे आणि तारांमध्ये स्पेसर बसवणे हाच इलाज. आणि हो, खांबाचा ताण नांगरटीला आड येतो म्हणून तो कापणारे महाभाग आपल्यातच आहेत. ताण गेला की खांब कलतो, खांब कलला की तारा झोळतात.

तसेच किटकॅटचे. मोटारी वाढल्या, फ्यूज वारंवार जाऊ लागला, की कोणीतरी अ‍ॅल्युमिनिअमची जाड तार बांधून मोकळा होतो. 'आता जात नाही बघा!' खरेच जात नाही. डी.पी.च्या पायथ्याचा तीन हजारांचा लोंढाही मग सेकंदभर वाहतो, कॉइल जळते, आणि पन्नास शेतकऱ्यांचे पाणी ऐन उन्हाळ्यात बंद पडते. डी.पी.चा फ्यूज बांधणे हे लायनमनचे काम आहे, आपले नव्हे. लायनमन वेळेवर येत नाही ही तक्रार रास्त आहे, ती लेखी करा, पाठपुरावा करा. पण डी.पी.वर हात घालणाऱ्या किती तरण्या पोरांना आपण गमावले, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

सौर फीडरचे येऊ घातलेले दिवस याच प्रश्नाला नवे वळण देतील. राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे आणि दिवसा वीज मिळते हा मोठाच फायदा. पण सौर इन्व्हर्टरचा स्वभाव टर्बाइनच्या उलट. टर्बाइनचे जनित्र शॉर्ट झाल्यावर पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओतते. इन्व्हर्टर स्वतःला जपतो, सव्वा-दीडपटीवर जात नाही. म्हणजे कारखान्याच्या बाजूला लोंढा वाढत जाणार आणि सौरशक्तीच्या बाजूला दोषप्रवाह इतका बेताचा, की रिलेला तो ओळखायला शिकवावे लागणार.

शेवटी डी.पी.च्या अर्थिंगचा खड्डा. वर सांगितलेले २५ ओहम हे ओल्या जमिनीचे. उन्हाळ्यात खड्डा सुकला की अडथळा कित्येक पट वाढतो, म्हणजे पाचट सर्वांत कोरडे असते त्याच महिन्यांत पडलेली तार ओळखू येण्याची शक्यता सर्वांत कमी. मीठ-कोळसा भरलेल्या या खड्ड्यांत आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी पडायला हवे. कुंपणाच्या आत जाऊ नका. खड्ड्याचा पाइप कुंपणाबाहेर असेल तर बाहेरूनच ओता, आत असेल तर लायनमनला सांगा आणि बादल्या भरून ठेवा.